सूर हलतो

दुकानाच्या काचेबाहेर एक माणूस भिजत उभा होता आणि त्याचा रेनकोट त्याच्या अंगावर नव्हता. छातीशी धरलेल्या कशाला तरी त्यानं तो गुंडाळला होता, अगदी जपून. आतून बघणाऱ्या तिचं डोकं फिरलं. असल्या पावसात तान्हं मूल घेऊन हिंडणाऱ्या बापांना खरं तर...

तिनं दुकानाचं दार ढकललं. "अहो, बाळ भिजेल तुमचं! आत या की. खांबासारखे उभे काय राहिलात!"

तो मुकाट आत आला. टेबलावर ओझं ठेवून त्यानं रेनकोट सोडला. आत पट्ट्या होत्या, काळ्या आणि पिवळट पडलेल्या पांढऱ्या, आणि वर बटणांच्या तीन रांगा.

"बाळ पन्नाशीचं आहे," तो म्हणाला.

ती हसली नाही. म्हणजे... ओठांनी नाही. एकसुरी ॲनालॉग सिंथेसायझर, विजेवर वाजणारं जुनं वाद्य! असला नग तिनं आजवर फक्त फोटोत पाहिला होता.

"दुरुस्तीचं दुकान दिसतंय," त्यानं भिंतीवरच्या उघड्या रेडिओंकडे पाहिलं. "मालक कुठे आहेत?"

झालं. बाईच्या हातात सोल्डरिंगची सळई दिसली की लोकांना वाटतं, ती दुसऱ्या कुणाची तरी धरून उभी आहे.

"मालक म्हणजे माझे मामा. डोळ्याचं ऑपरेशन करून घरी पडलेत. दोन वर्षं झाली, त्यांचे हात थरथरतात. काम मी करते, बिलावर सही ते करतात. चालत असेल तर ठेवा, नाहीतर छत्री देते, घेऊन जा."

त्यानं तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "छत्री नको," तो म्हणाला. "ठेवतो. सकाळपासून दोन दुकानांनी हाकललंय मला. म्हणे हाच आवाज कॉम्प्युटरवर मिळतो."

"मिळतोच."

"मिळतो. फोटोत पाऊसही मिळतो. भिजवत नाही."

तिनं घाईनं कामाचं कार्ड पुढे ओढलं. "होतंय काय ते सांगा."

"मधल्या दोन पट्ट्या अडकतात," तो म्हणाला. आणि मग गडी सुटलाच. "याला एका वेळी एकच सूर येतो. मागे लपायला दुसरा सूर नाही, लबाडी चालत नाही. आणि सूर हलतो... आत सूर काढणारे दोन ऑसिलेटर असतात, दोघं एकच सूर धरतात, पण तापले की सरकतात. लांब जातात, जवळ येतात..."

बोलता बोलता त्याचा तळहात हवेत डुलत होता. ती त्या हाताकडे बघत राहिली, आणि तिथंच घोटाळा झाला. कार्डावर गिऱ्हाइकाचं बोलणं लिहायला एकच रकाना होता, 'तक्रार'. तिनं लिहिलं: एक, पट्ट्या अडकतात. दोन, सूर हलतो.

दुसऱ्या दिवशी तो "सहज" आला. तिसऱ्या दिवशीही सहजच.

"दोन पट्ट्या एकदम दाबल्या तर?" तिनं विचारलं.

"खालचीच वाजते." तो वरची पट्टी धरून वाजवत होता. तिनं हळूच खालची दाबली. त्याचा सूर गडप!

"बोलतीच बंद झाली की तुमची."

"सवय करून घेईन," तो म्हणाला, आणि तिचे कान सळईसारखे तापले.

चौथ्या दिवशी दुपारी तिनं यंत्र तयार ठेवलं. त्यानं एक पट्टी दाबून धरली. आवाज निघाला तो फूटपट्टीनं आखल्यासारखा सरळ. तो वाट बघत राहिला.

"हलत नाही," तो म्हणाला.

"हलेल कसा! उष्णतेनं सूर सरकवणारे दोन म्हातारे रेझिस्टर होते आत, दोन्ही काढून टाकले, नवे पक्के बसवले. आता खाली शेगडी पेटवलीत तरी ढिम्म हलणार नाही."

त्याचा हात पट्टीवरून निघाला. "ती... ती तक्रार नव्हती हो. ते कौतुक होतं."

तिनं कार्डावरचा 'तक्रार' हा शब्द पुन्हा वाचला.

उद्या सकाळी त्याचं रेकॉर्डिंग होतं. पाच वर्षं घासलेली एक चाल, सगळी त्या हलण्यावर उभी. "बटण फिरवून दोन्ही ऑसिलेटर थोडे वेगळे लावा ना," ती म्हणाली. त्यानं लावलं. सूर पंख्यासारखा गरगरला, एकसारखा, मेलेला.

"अहो, रागवा तरी!"

"कशाबद्दल? काम चोख केलंय तुम्ही."

चोख. इतकी घाणेरडी शिवी तिला आजवर कुणी दिली नव्हती. तिनं टेबलाखाली वाकून पाहिलं. काढलेले रेझिस्टर टाकले होते ती टोपली रिकामी. झाडूवाल्या बाई सकाळीच येऊन गेल्या होत्या.

"चला," ती म्हणाली.

इमारतीच्या मागच्या अंगणात कचऱ्याची तीन पिंपं होती. रिमझिम चालू होती. तिनं बाह्या सारल्या. "तू ते निळं बघ, मी हे—" ती थबकली. "म्हणजे... तुम्ही."

"कोपरापर्यंत कचऱ्यात हात घातल्यावर कसलं आलंय तुम्ही!"

तिसऱ्या मजल्यावरून एक काकू ओणवल्या. "काय हरवलं गं? अंगठी का?"

"रेझिस्टर, काकू!"

"असू दे गं! नवी घे म्हणावं त्याला!"

तो निळ्या पिंपात तोंड घालून हसत होता. तिला मात्र हसू येईना. एक जिवंत आवाज आपण मारला... आणि तोही या माणसाचा. तासाभरानं दुकानाच्या केरात, सोल्डरच्या भुग्यात, तांदळाच्या दाण्याएवढा एक रेझिस्टर सापडला. दुसरा नाहीच सापडला.

तिनं हात धुतले आणि तो एक डाग देऊन पुन्हा जागी बसवला. "खोटं बोलणार नाही. एक ऑसिलेटर सरकेल, दुसरा जागचा हलणार नाही. कसं वाजेल, मला माहीत नाही."

यंत्र तापायला दहा मिनिटं लागतात. दोघं शेजारी बसून राहिले, ओले, वास मारणारे. मग त्यानं पट्टी दाबली. सूर सरळच होता... सरळच... आणि मग एका कडेनं अलगद सुटू लागला. त्यानं डोळे मिटले.

"हा तो आवाज नाही."

तिचा हात सळईकडे गेला.

"तेव्हा दोघं भटकायचे. आता एक जण घरी थांबलाय." त्याचा दुसरा हात शोधू लागला. एक पट्टी, मग दुसरी, मग चाल आपसूक वळली आणि उतरून शांत झाली. "शेवट सापडत नव्हता मला या चालीचा. पाच वर्षं..."

"म्हणजे बरं झालं की वाईट? एका शब्दात सांग!"

"बरं. फार बरं."

ती धपकन फरशीवरच बसली. दुपारपासून छातीवर बसलेला धोंडा उतरला आणि तिला हसू फुटलं, मग थोडं रडू, मग दोन्ही. तोही खाली येऊन बसला.

"उद्या येशील रेकॉर्डिंगला?"

"बिघडलं तर म्हणून?"

"नाही... बिघडलं नाही तरी."

"सरळ बोल. माझ्याशी आडून बोललं की काय होतं ते पाहिलंस ना?"

"आवडतेस तू मला," तो सरळ बोलला.

"हं." तिनं नाक पुसलं. "मलाही तू. पहिल्या दिवसापासून. आता हात धुऊन ये, घाणेरड्या."

तेवढ्यात फोन वाजला. मामा. "गेलं का गं गिऱ्हाईक?"

"नाही."

"का? काम जमलं नाही?"

"जमलं. मीच जाऊ देत नाहीये."

पलीकडे दाबल्यासारखी खुसखुस झाली.

"मामा? ऐकतोयस ना?"

"ऐकतोय गं. डॉक्टरांनी हसू नका म्हणून बजावलंय, डोळ्यावर ताण येतो. फोन ठेव आता, नाहीतर माझं ऑपरेशन वाया घालवशील."