शेवट आधी पोचला

धन्वाच्या छातीवरच्या पडद्यावर डॉक्टर पेठकरांचा निरोप उमटला : "आलेखाचा शेवट मिळाला. सुरुवात अजून आलेली नाही."

मृण्मयीने तो पुन्हा वाचला. धन्वा हा कुसरवाडीच्या आरोग्य केंद्रातला परिचारक यंत्रमानव. आजीच्या छातीत दुखू लागलं म्हणून त्याने तिच्या हृदयाच्या ठोक्यांचा आलेख काढून साताऱ्याला पाठवला होता. तो पूर्ण पाहिल्याशिवाय डॉक्टर औषध सांगू शकत नव्हत्या.

"आजोबा, सुरुवात तर आपण आधी पाठवली. मग शेवट आधी कसा पोचला?"

आजोबा आजीचा हात धरून बसले होते. संगणकांची जाळी बांधण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं, पण आत्ता त्यांची नजर आजीच्या चेहऱ्यावरून हलत नव्हती.

"अहो, सांगा की तिला," आजी हळूच म्हणाली. "नुसते माझ्याकडे बघत बसू नका."

आजोबा मृण्मयीकडे वळले. "आलेख अखंड जातच नाही, मृण्मयी. संगणक त्याची पॅकेटं (माहितीचे छोटे तुकडे) करतो. प्रत्येकावर पत्ता आणि क्रमांक घालतो. वाटेत राउटर (पुढचा रस्ता ठरवणारी यंत्रं) असतात. ते पत्ता वाचतात आणि जो रस्ता मोकळा असेल तिकडे पॅकेट धाडतात. तू मैत्रिणीला गाणं पाठवतेस ना, तेही असंच जातं. एका क्षणात पोचतं, म्हणून आपल्याला कळत नाही."

"पण आपली केबल तर दरडीखाली तुटली."

"म्हणून तर काही पॅकेटं डोंगरावरच्या टॉवरवरून गेली, काही जलाशयाच्या काठच्या, राउटर बसवलेल्या खांबांवरून. शेवटच्यांना जवळची वाट मिळाली."

"मग तिकडे नुसता गोंधळ झाला असेल."

"नाही होत. क्रमांक बघून डॉक्टरांचा संगणक ती ओळीने लावतो. एखादं कमी पडलं तर तेवढंच पुन्हा मागवतो."

"मागवली आहेत," धन्वा म्हणाला. "मी पुन्हा पाठवतो आहे, पण पोचल्याची खूण येत नाही. आता टॉवरही बंद पडला आहे आणि सोंडेवरचा खांब उत्तर देत नाही."

डोंगराची एक सोंड जलाशयात उतरली होती. तिच्या टोकावरचा खांब या बाजूच्या आणि पलीकडच्या खांबांना जोडायचा.

"आलंय तेवढ्यावरून डॉक्टरांना नाही का कळणार?"

"फोटोतला एखादा ठिपका गेला तरी माणूस ओळखू येतो," आजोबा म्हणाले. "इथे जे हरवलंय, दुखणं नेमकं त्यातच असलं तर?"

आजीने डोळे मिटून घेतले होते. मृण्मयीने खिडकीबाहेर पाहिलं. धक्क्याला लाँच उभी होती.

"आजोबा, लाँचमध्ये प्रवाशांसाठी राउटर असतो ना? लाँच सोंडेच्या पुढे नेऊन उभी केली तर ती खांबाचं काम करेल?"

आजोबा तिच्याकडे बघतच राहिले. "करेल. दोन्हीकडचे खांब दिसतील अशा जागी थांबायला सांग. जा."

लाँच चालवणारे भैरूकाका ती धूत होते. मृण्मयीने धापा टाकत सगळं सांगितलं. त्यांनी बादली खाली ठेवली.

"बस, पोरी," एवढंच म्हणून त्यांनी दोर सोडला.

सोंडेच्या पुढे आल्यावर त्यांनी इंजिन बंद केलं. लाँच पाण्यावर हलकेच डुलत राहिली. राउटरवरचा हिरवा दिवा आधी विझलेला होता, मग तो लुकलुकू लागला. मृण्मयीने पाण्याकडे पाहिलं. तिथे काहीच दिसत नव्हतं. पण आजीच्या हृदयाचे ठोके तुकड्यातुकड्यांनी तिच्या डोक्यावरूनच पलीकडे चालले होते.

"काय गं, जातंय का?" भैरूकाकांनी विचारलं.

"बहुतेक."

थोड्या वेळाने लाँचच्या पडद्यावर अक्षरं आली : "आलेख पूर्ण मिळाला. धन्वाला इंजेक्शन सांगितलं आहे. रुग्णाला पैलतीरावर आणा, रुग्णवाहिका निघाली आहे."

मृण्मयीने निरोप मोठ्याने वाचून दाखवला. भैरूकाकांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि लाँच वळवली.

आजी साताऱ्याहून बरी होऊन परतली तेव्हा दरड हटवून झाली होती, केबलही जोडली होती. तरी आजोबा आणि मृण्मयीने गावकऱ्यांच्या मदतीने सोंडेवर नवा खांब उभारला, आधीपेक्षा उंच.

"एक वाट पुरे असं कधी समजू नये," आजोबा राउटर बसवताना म्हणाले. "वाटा जितक्या जास्त, तितकं जाळं भक्कम."

मृण्मयीने आपला संगणक खांबाला जोडला. पडद्यावर ओळखीच्या खांबांची नावं आली. त्यांच्या खाली एक नवं नाव दिसलं : आंबेखोल. जलाशयाच्या पार दुसऱ्या टोकाची ती वाडी आजवर कुठल्याच जाळ्यात नव्हती.

"आजोबा, हे कुठून आलं?"

"तिथल्या शाळेने परवाच राउटर बसवलाय म्हणे. आपला खांब उंच झाला, म्हणून आता तो इथवर दिसतोय."

दोघं बोलत असतानाच पडद्यावर अक्षरं उमटली. तिकडचं कुणीतरी सावकाश, एकेक अक्षर शोधून लिहीत असावं.

"तिकडे कोण आहे?"

मृण्मयी खांबाला टेकून बसली आणि तिने उत्तर लिहायला घेतलं.