सुप्याच्या शेडमधला तुकडा

तुम्हाला हे खोटं वाटलं तर वाटू द्या. मी तिथे होते, एवढंच सांगते.

मी लीना. केडगावला राहते, आमच्या बँडमध्ये गाते. गोष्ट मागच्या डिसेंबरमधली, एका रविवारची. रात्र नव्हती...

भरदुपार होती.

कॉलेजात आम्ही तिघंच होतो. मी, गिटारवर कल्याण, ड्रम्सवर करण. साधी, चार मात्रांची गाणी. मग गंधार कीबोर्ड घेऊन आला आणि गाणी लांबत गेली. करणने त्यांत सात मात्रांचे अवघड तुकडे घातले. एकेक गाणं पंधरा मिनिटांचं. लोक त्याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणायचे.

करण म्हणायचा, "हा आपला आवाज."

दोन वर्षांपूर्वी करण काविळीने गेला.

त्याच्या जागी श्रीरामपूरचा धवल आला. चांगला पोरगा. वाजवायचा मात्र सरळसोट.

त्या दुपारी आम्ही सुप्याला, एमआयडीसीतल्या आमच्या भाड्याच्या शेडमध्ये होतो. भिंतींना गाद्या ठोकलेल्या. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून शटर खाली ओढलेलं.

"करणचा मधला तुकडा काढून टाकू," कल्याण म्हणाला. "ऐकणाऱ्यांना झेपत नाही."

धवलने साध्या ठेक्यात सुरुवात केली.

मधला भाग आला...

आणि ठेका सातात गेला.

कल्याण थांबला. गंधारही. "धवल, हे नको म्हटलं ना," म्हणत मी मागे वळले.

धवलचे हात मांडीवर होते. काठ्या जमिनीवर.

ड्रम्स वाजत होते.

"ताई, मी नाही," तो पुटपुटला.

स्पीकरमधून येत असेल म्हणून गंधारने मेन स्विच पाडला. अंधार झाला. आवाज तसाच...

कल्याण शटरकडे धावला. शटर उचलेना. चौघांनी जोर लावला. तसूभर हललं नाही. मोबाईलला रेंज नाही. आम्ही घसा फुटेपर्यंत ओरडलो. पण बाहेर कुणाला ऐकू जाणार? तशी सोय आम्हीच केली होती.

"त्याला तुकडा पूर्ण करायचाय," गंधार म्हणाला. "वाजवू या."

त्याने स्विच लावला. आम्ही वाजवायला लागलो. मी गात होते.

तुकडा संपत आला...

आणि ठेका पुन्हा सुरुवातीला गेला.

पुन्हा. आणि पुन्हा.

कल्याणची बोटं सोलली. माझा आवाज बसला. धवल कोपऱ्यात कान दाबून बसला होता.

शेवटी कल्याणच रडत म्हणाला, "करण, नाही काढत रे. राहू दे तुझा तुकडा."

एक शेवटचा ठोका पडला.

मग शांतता.

खडखड करत शटर वर गेलं. बाहेर तिन्हीसांज झालेली. वॉचमन आसाराम दारात उभे होते.

"कुठं गेल्ता तुमी?" त्यांनी विचारलं.

"इथेच होतो, मामा. आत."

त्यांनी आत डोकावून बघितलं.

"न्हाई ताई. शटरला कान लावला तर ड्रम थांबंना, म्हून मी दोनदा शटर उघडून बघितलं. आत कुनीच नव्हतं."

शेड आम्ही सोडली. आता आम्ही तिघंच आहोत, ड्रमर ठेवत नाही. धवल श्रीरामपूरला परत गेला. कधीमधी त्याचा फोन येतो. प्रश्न एकच असतो.

"ताई, आपण त्या दिवशी बाहेर आलो ना?"

मी हो म्हणते.

पण हल्ली हो म्हणण्याआधी... मी उठून दार उघडून बघते.