शुक्रवार कुणाचा?

एकाच आकड्यावर दोघांचे हात एकदम पडले.

सालवडला माईंचं पाळणाघर होतं. पाळणाघर कसलं, पत्र्याची लांबडी खोली. वाशाला लोखंडी आकडे ठोकलेले, आकड्याआकड्याला झोळी आणि झोळीझोळीत कंपनीत जाणाऱ्या बायांची पोरं. त्या दिवशी एकच आकडा मोकळा होता. नवसीनं कडेवरचा मंगळ्या सावरला, टाचा उचलल्या आणि आयच्या जुन्या लुगड्याचं टोक आकड्यात कसंबसं अडकवलं. तेवढ्यात शेजारून एक सावळा हात आला, मनगटात लाल दोरा, आणि त्यानं चौकड्यांची लुंगी तिथंच अडकवली.

"डोळे हायत का बटणं?" नवसी फिस्कारली.

"डोळेच हायत." तो शांत. खांद्यावर एक बारकी पोरगी त्याचे केस धरून बसलेली. "पण तुमचे मोठे हायत ना, म्हणून तुमाला आधी दिसला."

नवसी आणखीच तापली.

"हलवा ती लुंगी! पोराला झोपवायची झोळी हाय, का बाजारातलं दुकान?"

"भांडू नका गो, पोरं उठतील," माई आतून आल्या. "आकडा एक आणि गिऱ्हाईकं दोन. वार वाटून घ्या नि मोकळे व्हा."

नवसीला हे वारांचं लफडं आधीच डोक्याला झालं होतं. मंगळ्याच्या आधी ती औषधाच्या कंपनीत बाटल्यांना लेबलं लावायची. मग मंगळ्या झाला, नवरा भिवंडीकडं वीटभट्टीवर गेला आणि तिथलीच एक करून बसला. पंचांपुढं काडी मोडून नवसी माहेरच्या गावी, पामला आयकडं परत आली. आय दिवसभर दुसऱ्याच्या चिकूच्या वाडीत. नवसी परत कंपनीच्या दारात गेली तेव्हा साहेब म्हणाला, "तीन दिन आ. कौनसे तीन, तू बता. मगर एक बार बोला तो बोला. काम ठीक रहा तो बारिश में पूरा हफ्ता." तिला पुरा हप्ताच, सगळे सहा दिवस पाहिजे होते. घरात आयच्या जिवावर बसून खायचं म्हणजे तिला अंगावर मुंग्या चढल्यासारखं व्हायचं.

"मंगळवार माझा," ती म्हणाली. "पोर मंगळवारचं हाय, म्हणून तर नाव मंगळ्या."

"असं हाय का? मग शुक्रवार माझा. मी शुक्रवारचा, म्हणून सुका."

"शुक्रवारी तर पाळणाघर बंद अस्तं!"

ते खरंच होतं. विजेच्या कपातीपायी तिथल्या कंपन्यांना सुट्टी शुक्रवारी. रविवारी भोंगा वाजायचा आणि शुक्रवारी सगळं गपगार. माईपण शुक्रवारी कुलूप लावून माहेरी जायच्या.

"म्हंजे माझ्या वाट्याला काहीच नाय," सुका म्हणाला आणि हसला. हसला की त्याच्या एका गालाला खळी पडायची. एकाच. नवसीनं ते बघितलं आणि लगेच दुसरीकडं बघितलं.

शेवटी मंगळ, बुध, गुरू नवसीला. शनी, रवी, सोम सुक्याला. तो गोदामावर मालाच्या गाड्या भरायचा. मुकादमाला माणूस मिळाल्याशी मतलब, वार कुठलाही असो.

माईंचा एक कडक नियम होता. झोळीचं कापड ज्याचं त्यानं आणायचं आणि आदल्या संध्याकाळीच बांधून ठेवायचं. सकाळी भोंग्याच्या घाईत गाठी मारत बसायचं नाय. म्हणजे सोमवारी संध्याकाळी सुका लुंगी सोडणार, नवसी लुगडं बांधणार. गुरुवारी नवसी सोडणार, सुका बांधणार.

पहिल्या सोमवारी नवसी आली तर सुक्याचा पत्ता नाय आणि लुंगीची गाठ अशी की सुटता सुटेना. तिचं नख तुटलं. सुका घामेघूम होऊन दारात आला तर ती बोट तोंडात घालून उभी.

"ही गाठ हाय का फास?"

"पोर पडू नये म्हणून मारली."

"तुझी पोरगी पडू नये! माझं नख पडलं त्याचं काय?"

"बघू..."

"बघायचं काय त्यात!" तिनं हात मागं नेला. पण पटकन नाय... जरा थांबून.

पुढच्या खेपेला लुंगीच्या गाठीला एक शेंडी सोडलेली होती. एक झटका दिला की गाठ मोकळी. त्याच्या पुढच्या खेपेला आकड्यालाच खाली एक वाकडी तार जोडलेली. नवसीला आता टाचा उचलाव्या लागल्या नाहीत. त्याच्याही पुढं वाशाला ताडाच्या पातीचा खुळखुळा लटकत होता, आत खडे. मंगळ्या तो बघून असा खिदळला की शेजारच्या दोन झोळ्या जाग्या झाल्या.

"तुमच्यात कोण बुटकं हाय?" माईंनी मुद्दाम विचारलं. "तार कुणासाठी जोडलीय रे सुक्या?"

"पोरीसाठी," सुका म्हणाला.

"चिमी तर आताशी रांगते!"

नवसी तोंड फिरवून लुगड्याच्या नसलेल्या चुण्या काढत बसली.

तेव्हापासून तिचं बूड एका जागी ठरेना. शनिवार, रविवार, सोमवार... हे तीन दिवस घरात बसून ती आयशी भांडायची, मंगळ्याला उगाच तीनदा आंघोळ घालायची. कधी नव्हे ते वाडीतली चिकूची झाडं मोजायची आणि मधेच विसरायची. मग एका गुरुवारी ती साहेबाकडं गेली. "साब, एकाआड एक दिन चलेगा? एक बार बोला वो... चूक से बोला." साहेबानं तिच्याकडं बघितलं, कपाळाला हात लावला आणि बरं म्हणाला.

संध्याकाळी ती माईंना म्हणाली, "माई, मला एकाआड एक वार द्या. रवी, मंगळ, गुरू. सलग उभं राहून पाठ धरते."

"पाठ धरते?" माईंनी तांदूळ निवडता निवडता वर बघितलं. "सकाळी सुका पण हेच बोलून गेला गो. त्याची पण पाठच धरते."

नवसीचे कान गरम झाले.

आता बहुतेक रोजच्याच संध्याकाळी गाठ सोडायची, गाठ बांधायची. रवीला माईंच्या दारात गर्दी असायची, सगळी आळी टीव्हीपुढं. बाकी वेळी त्या पत्र्याखाली पोरांचे श्वास, दुधाचा आंबूस वास आणि ती दोघं. कापडाचं एक टोक तिच्या हातात, एक त्याच्या. बोटाला बोट लागलं की दोघंही आकड्याकडं बघायची, जसा काय आकड्यानंच गुन्हा केलाय.

"चिमीची आय कुठं अस्ते?" एकदा तिनं विचारलंच. किती दिवस ते घशात अडकलं होतं.

"भट्टीवर. भावाची पोर ही. तिथल्या धुरानं हिला खोकला लागला, म्हणून मी ठेवून घेतली."

"म्हंजे... तुझी नाय?"

"माझं लगीन कुठं झालंय! पोर कडेवर बघितली की पोरी पळतात."

"मी पळाले?"

"तू भांडलीस," सुका म्हणाला. खळी पडली.

नवसी हसली. मोठ्यानं, दात दाखवून. घरी जाताना मात्र वाटेत तिची पावलं अडखळली. भट्टीवाले पावसाच्या तोंडाला परत येतात. ते आले की चिमी जाणार. चिमी गेली की सुक्याला आकडा कशाला? आणि पावसातच तर साहेब पुरा हप्ता देणार होता! एवढी वाट बघितलेली गोष्ट... आता समुद्राकडं एक जरी काळा ढग दिसला तरी ती त्याला शिव्या घालायला लागली.

ढगांनी कुणाचं ऐकलंय! एका बुधवारी संध्याकाळी ती आली तर आकडा मोकळा. लुंगी नाय, चिमी नाय.

"सकाळी भाऊ-भावजय येऊन घेऊन गेली," माई म्हणाल्या. "सुका पण गेला त्यांच्यासंगं डोंगराकडं, गावाला. आता सगळे वार तुझे गो बाय."

"काही बोलला?"

"घाईत होता."

साहेबानंही पाऊस पडायच्या आधीच पुरा हप्ता दिला. नवसीनं 'हो' म्हटलं. नाय कशाला म्हणेल? मिळालं की सगळं, जे पाहिजे होतं ते! आणि त्या दिवशी तिनं एक अख्खी पेटी बाटल्यांवर लेबलं उलटी चिकटवली.

रोज संध्याकाळी ती लुगडं सोडायची. रोज.

"कशाला सोडतेस? उद्या तुझाच वार हाय," माई म्हणायच्या.

"धुवायला लागतं," ती खेकसायची. सकाळी ते लुगडं तसंच, न धुता, परत बांधायची.

एका गुरुवारी ती अशीच गाठ सोडत होती. मंगळ्या पायाशी खुळखुळा चावत बसलेला. शेजारून एक हात आला. मनगटात लाल दोरा. तळवा काळा पडलेला.

नवसीनं मान वळवली नाय. छातीत मात्र भोंगा वाजला.

"आकडा मोकळा नाय," ती म्हणाली.

"आकडा नको. वार पायजे."

"वार संपले. साहेबाला देऊन टाकले. एकदा बोललं ते बोललं."

"सगळे?"

"...शुक्रवार सोडून."

"तोच पायजे."

"शुक्रवारी पाळणाघर बंद अस्तं, किती वेळा सांगू?" आवाज चढवायला गेली आणि तो मधेच चिरकला. "आणि गेलास कुठं न सांगता? माणूस हायस का..."

"पेरणीआधी शेतात राब भाजायला गेलो. भावाला एकट्याला उरकत नव्हतं." त्यानं काळे तळवे पुढं केले. "आणि आयला विचारायचं होतं."

"काय?"

"तेच."

पत्र्याखाली एक झोळी कुरकुरली. माई दारात होत्या, त्या एकदम अंगणातल्या कोंबडीला हाकलायला निघून गेल्या. अंगणात कोंबडी नव्हती.

"पोरासकट विचारलंस?" नवसीनं हळूच विचारलं.

"पोरासकट."

"मग? काय बोलली?"

"विचारलंन, भांडते का? म्हटलं, लय. तर म्हणाली, आण मग. घरात मी एकटीच भांडून दमले."

नवसीला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीपण. दोन्ही एकदम आल्यामुळं तिला स्वतःचाच राग आला.

"शुक्रवारी मंगळ्याची झोळी कुठं बांधतेस?" त्यानं विचारलं.

"घरात. आढ्याला."

"हात पोचतो?"

तिनं मान हलवली. नाय.

"मग?"

मंगळ्यानं खुळखुळा टाकला आणि सुक्याच्या गुडघ्याला धरून उभा राहिला. लटपटत, तोंड वर करून. सुक्यानं त्याला उचलला, खांद्यावर टाकला. पोरानं दोन्ही मुठींत त्याचे केस पकडले.

नवसीनं लुगडं आकड्यावरून ओढून काढलं. त्याचं एक टोक सुक्याच्या काळ्या हातात दिलं.

"उद्या शुक्रवार हाय," ती म्हणाली. "पामला ये. माझ्या आयपुढं बांध."

"शेंडी सोडून?"

"नाय." तिनं आता त्याच्याकडं बघितलं. चांगलं मोठ्या डोळ्यांनी बघितलं. "पहिली मारली होतीस ना, नख तोडणारी... तसली गाठ मार."