उणे एकाहत्तर

हीटर जरा इकडे सरकवा पोरांनो. झॅमिटला तुम्ही पाहिलेलं नाही. तुमच्याआधी या मॉरवेलच्या प्रयोगशाळेत तोच रात्रपाळी करायचा. साधा माणूस, थापा मारायचा त्या फक्त गळाला लागलेल्या माशांच्या.

गेल्या हिवाळ्यात, जूनमधली राजाच्या वाढदिवसाची सुट्टी, सोमवारची रात्र. धरणावर जायच्या एका व्हॉल्व्हची शेवटची चाचणी उरली होती. तेच आपलं नेहमीचं... व्हॉल्व्हमधून पाणी सोडायचं, टाकीत घ्यायचं, टाकीसकट तोलायचं. साडेअकराला झॅमिटला बायकोचा फोन.

"नेव्हिल, पोरीचा ताप उतरत नाहीये. येतोस, की तिथेच संसार थाटतोस?"

"आलोच गं रिटा, एवढं उरकतो."

त्याने टाकी रिकामी केली. काट्यावर शून्य यायला हवं. आलं एकाहत्तर किलो.

बॅटरी मारून आत पाहिलं. टाकी कोरडी ठणठणीत. आकडा मात्र जरासा वर, जरासा खाली... कुणी पाय बदलत उभं असावं तसा.

अशा वेळी थांबायचं आणि साहेबाला उठवायचं, हे तुम्हालाही पाठ आहे. पण घरी पोरगी तापाने फणफणली होती. त्याने बटण दाबून तेच वजन शून्य धरलं आणि चाचणी उरकली. मग पाणी सोडून दिलं.

काटा म्हणाला, उणे एकाहत्तर.

म्हणजे... आत जे होतं, ते बाहेर आलं होतं.

"लेनी, पुरे ना तुझी गोष्ट आता."

"का रे? मघाशी तर दात काढत होतास!"

झॅमिट दिवे न मालवताच पळाला. गाडी सुरू केली. टिंग... टिंग... शेजारच्याने पट्टा लावला नाही की वाजते ना, ती घंटा. सीट रिकामी. हायवे लागला तरी थांबेना. शेवटी त्याने हात लांबवून रिकाम्या सीटचा पट्टा लावला.

घंटा थांबली.

घर आलं. आत पोरगी रडत होती. तो उतरलाच नाही. पट्टा लागलाय तोवर हे इथेच राहील... खटक्यावर मूठ आवळून बसला. रिटाचा फोन वाजत राहिला. मला विचाराल तर बापाने हेच करावं.

पहाटे क्षणभर डोळा लागला.

जाग आली. घरातलं रडणं थांबलं होतं.

दारं बंद. काचा बंद. मूठ तशीच आवळलेली...

पट्टा सुटला होता.