सिंधूबाई जेवायला बसल्या

नत्थुजींनी दारातच हात आडवा धरला, तेव्हा सिंधूच्या पोटात काल संध्याकाळपासून दोन पेरूंशिवाय काही गेलेलं नव्हतं.

“पुडा बांधून देतो, बाई. पण बसू नाई देऊ शकत. बाया नाई बसत इथं.”

“का?”

नत्थुजी गोंधळले. बारा वर्षं ते अमरावतीत अंबादेवीच्या वाटेवर हॉटेल चालवत होते, पण हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता. “काहून म्हंजे... नाई बसत.”

आतून ताज्या तळणाचा वास येत होता. बाकांवर सगळे पुरुष, आणि सगळ्यांचे घास हातातल्या हातात थांबलेले. पुडा घ्यायचा, खोलीवर जायचं, खायचं. एवढंच तर होतं. पण सकाळपासून दोन ठिकाणांहून तिला असंच परतवलं होतं, आणि आता तिसऱ्यांदा परत फिरायला तिचे पाय तयार नव्हते.

एकोणीसशे अडतीसचा डिसेंबर. सिंधू लिमये पुण्याहून आली होती ती मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी. मुलाखत परवा होती. वय सव्वीस, बी.ए., बी.टी., आणि अजून बिनलग्नाची. म्हणजे पुण्यातल्या नातेवाइकांच्या मते तिन्ही बाबतींत जरा जास्तच. इथं ती मावशीकडे उतरणार होती, पण मावशीच्या दाराला कुलूप होतं. लेकीचं बाळंतपण अडलं म्हणून ती आदल्याच दिवशी घाईनं अकोल्याला गेली होती. शाळेनं एक खोली दिली. शाळेची शिपाईण गंगूबाई हात जोडून म्हणाली, “मी रांधलं असतं बाई, पण माह्या हातचं तुमी खाल्लं असं कमिटीले समजलं, तं मले काढून टाकतीन.”

“मी पैसे देऊन जेवणार आहे,” सिंधू नत्थुजींना म्हणाली. ती जागची हलली नाही. “चोरून नाही जेवणार.”

कोपऱ्यातल्या बाकावरून एक तरुण उठला. अंगात काळा कोट, डोक्यावर टोपी जरा तिरपी, हातात स्वतःची अर्धी संपलेली ताटली. तो नत्थुजींच्या आडव्या हाताखालून वाकून बाहेर आला आणि टांगेवाल्यांसाठी रस्त्याकडेला टाकलेल्या बाकावर सरळ जाऊन बसला.

“नत्थुजी, रस्ता तं तुमचा नाई ना?”

“रस्ता कायले माझा असन, वकीलसाहेब?”

“मंग बाईंची ताटली भाईर लावा. अर्धा बाक मी देतो.” मग सिंधूकडे वळून, एकदम नीट आवाजात— “म्हणजे... तुमची हरकत नसेल तर.”

हरकत? सिंधूनं पदर सावरला आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. मधे हातभर अंतर. त्या अंतरात नत्थुजींनी ताटली आणून ठेवली. दह्यात बुडालेला गिला वडा, त्यावर लालबुंद चटणी, आणि बाजूला एक लांबट, कुरकुरीत गुंडाळी.

“हे काय?”

“सांबारवडी.”

“सांबार म्हणजे?”

“सांबार, बाई! हिरवं असते. भाजीवर टाकतात.”

“अहो, कोथिंबीर!”

“तुमच्या पुण्यात काहीबी म्हणा,” तो शांतपणे म्हणाला. “ते बिचारं सांबारच आहे.”

तिला हसू आलं. त्या हसण्यातच तिनं मोठा घास घेतला, आणि मग... मिरचीनं आपलं काम केलं. कान तापले, नाक वाहू लागलं, डोळे भरून आले.

“पाणी सांगू?”

“नको.”

“डोळ्यांतून येऊन राहिलं म्हणून म्हटलं.”

“येऊ द्या. चव छान आहे,” असं म्हणून तिनं दुसरा घास घेतला. त्यानं तिच्याकडे पाहिलं. पाहिलं, आणि मग पटकन समोरच्या टांग्याच्या घोड्याकडे पाहत बसला. घोडा काही एवढा देखणा नव्हता.

त्याचं नाव कमलाकांत वाडेगावकर. घर अकोल्याला, जठारपेठेत. अशिलांच्या कामासाठी महिन्यातले दहा दिवस अमरावतीच्या कोर्टात. इथं त्याचं कुणीच नव्हतं, त्यामुळं तीन वर्षांत त्यानं गावातली झाडून सगळी हॉटेलं आणि खानावळी धुंडाळल्या होत्या.

“नव्या गावात चांगलं कुठं मिळतं, हे ओळखायचं कसं?” तिनं विचारलं.

“पाटी वाचायची नाई. पाटी रंगारी लिहितो, आचारी नाई. दारातले जोडे पाहायचे. शेतकऱ्याच्या वहाणा अन् सायबाचे बूट एकाच ठिकाणी दिसले, तं डोळे मिटून आत जायचं.”

“आणि दुसरं?”

“मालकाचा डबा घरून येत असन, तं तिथून पळायचं.”

“आणि मी? मला दारातच अडवतात. मी जोडे पाहून काय करू?”

कमलाकांतचं हसू मावळलं. त्यानं ताटली बाजूला ठेवली. तो म्हणाला, “उद्या दुपारी कापसाच्या बाजारात याल? एक जागा आहे. तिथं तुमाले कोणी अडवणार नाई. उलट मलेच जरा सरकून बसा लागते.”

ती हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही. पण दुसऱ्या दिवशी बाराच्या ठोक्याला ती बाजारात होती.

कापसाच्या गाड्यांची रांग दूरवर लागली होती. थंडीचं ऊन, आणि त्या उन्हात उडणारे कापसाचे पुंजके. एका कडुलिंबाखाली माणिकबाईची तीन दगडांची चूल पेटलेली. बाई हातावर ज्वारीची भाकर थापत होती, आणि तिच्याभोवती कापूस वेचणाऱ्या, गाड्या उतरवणाऱ्या पंधरावीस बाया मांडी घालून, मोकळ्या गळ्यानं गप्पा मारत जेवत होत्या. कुणाचा पदर तोंडावर नव्हता.

“ये वो माय, बस,” माणिकबाईनं सिंधूला हातानंच जागा दाखवली. मग कमलाकांतकडे पाहिलं. “आज एकटा नाई काय, वकीला? तीन वर्षं झाली, म्या म्हणतच होती...”

“माणिकबाई, भाकर करपून राहिली!” कमलाकांत घाईनं म्हणाला.

भाकर मुळीच करपत नव्हती. त्याचे कान मात्र लाल झाले होते. सिंधूनं ते पाहिलं आणि खाली मान घालून पाटवडीचा रस्सा भुरकला. रस्सा जहाल होता. तरी तिला गोड लागला.

जेवताना ती एकदम म्हणाली, “पाहिलंत? या बायका रोज चारचौघांत जेवतात, आणि यांच्यामुळं कुणाचं काही बुडत नाही. बंदी आहे ती फक्त आमच्यासारख्यांना. शिकलेल्या, घरंदाज... आणि उपाशी.”

“हे कमिटीपुढे बोलू नका,” तो म्हणाला. आणि मग, तिच्या कपाळावर अडकलेल्या कापसाच्या पुंजक्याकडे पाहत, हळूच— “किंवा बोलाच. तुम्ही बोलता तेव्हा... ऐकत राहावं वाटते.”

हात पुढं झाला होता. पुंजक्यापासून दोन बोटांवर थांबला, आणि मागं गेला. सिंधूनं स्वतःच तो काढला. पण टाकला नाही. मुठीत धरून बसली.

त्या संध्याकाळी गंगूबाई धावत खोलीवर आली. सिंधू रस्त्यावर परक्या पुरुषाबरोबर खात बसली होती, हे कमिटीचे अध्यक्ष भगवंतराव यांच्या कानावर गेलं होतं. “बाई, ते लय खवळले. म्हणतेत, अशी बाई आमच्या पोरींले काय वळण लावन?”

सिंधूला पुणं आठवलं. घरी आई होती, शिकणारा भाऊ होता, आणि ही जागा मिळाली नाही तर पुन्हा तीच शिकवण्यांची वणवण. थोड्या वेळानं फाटकाशी कमलाकांत येऊन उभा राहिला. त्यालाही कोर्टात बातमी कळली होती.

“मी उद्या भगवंतरावांले भेटतो. सांगतो की चूक माझी. मीच तुमाले भाग पाडलं.”

“तुम्ही भाग पाडलंत?”

“नाई. पण सांगतो.”

“मुळीच नाही.” तिनं फाटकाचा गज घट्ट धरला होता. “भूक माझी होती, वकीलसाहेब. तिची वकिली मीच करणार.”

तो हसला, तोंडभर. “मंग समोरच्या पक्षाची मले कीव येऊन राहिली.”

मुलाखतीच्या खोलीत पाच जण होते. मधोमध पांढऱ्या मिशांचे भगवंतराव, टोकाला त्यांच्या पत्नी लीलाबाई. कमिटीवर एक बाई हवी म्हणून त्यांना घेतलेलं. त्या कधी काही बोलत नसत, असं गंगूबाईनं सांगितलं होतं. गणित झालं, व्याकरण झालं, शिवणकामही झालं. मग भगवंतरावांनी चष्मा काढला.

“आपण नत्थुजींच्या हॉटेलापुढं, रस्त्यावर बसून खाल्लंत, हे खरं?”

“खरं. आत बसू दिलं नाही म्हणून रस्त्यावर.”

“याची लाज नाही वाटत?”

“वाटली,” सिंधू म्हणाली. “आधीच्या दोन दारांतून परत फिरले, तेव्हा वाटली. तिसऱ्या ठिकाणी जेवले, तेव्हा नाही वाटली.” शब्द एकामागून एक नीट येत होते. “साहेब, या शाळेतल्या मुली उद्या मॅट्रिक होतील. नागपूरला कॉलेजात जातील, परगावी नोकरीला लागतील. तिथं त्यांची मावशी असेलच असं नाही. असली तरी दाराला कुलूप असू शकतं. तेव्हा त्यांनी काय करावं? भूगोल मी शिकवीनच. पण नकाशातल्या त्या गावात उतरल्यावर ताठ मानेनं जेवावं कसं, हेही मला शिकवायचं आहे. तुम्हाला ते नको असेल, तर मी आज रात्रीच्या गाडीनं जाते.”

भगवंतरावांनी चष्मा पुसायला घेतला आणि पुसतच राहिले.

तेवढ्यात टोकाकडून आवाज आला. “गरम होता काय हो, बाई?”

सगळ्यांनी वळून पाहिलं. लीलाबाई बोलत होत्या.

“काय?”

“तो वडा. गरम होता काय? आमच्या घरी हॉटेलातला वडा येतो तो पुड्यात बांधून. मऊ पडलेला. चाळीस वर्षं झाली, मी थंडाच खाऊन राहिली.” त्या नवऱ्याकडे वळल्या. आवाज मुळीच चढला नव्हता. “माझं मत या बाईले. अन् तुमचंही.”

एका वकील सभासदाला हसू आवरेना. दुसऱ्यानं मान हलवली. भगवंतरावांनी बायकोकडे पाहिलं, फार दिवसांनी पाहावं तसं, आणि मग त्यांच्या मिशा थरथरल्या. रागानं नव्हे.

“पंधरा जानेवारीला रुजू व्हा, लिमयेबाई,” ते म्हणाले.

त्याच दिवशी चार वाजता नत्थुजींच्या दारात एक मोटार थांबली. लीलाबाई उतरल्या, त्यांच्या दोन सुना उतरल्या, मागून सिंधू, आणि सिंधूनं बळेच ओढून आणलेली गंगूबाई. नत्थुजींचा हात उठला... आणि हवेतल्या हवेत नमस्कार होऊन जोडला गेला. खिडकीजवळची दोन बाकं धुऊन, पुसून मांडली गेली. आतले पुरुष जरा चुळबुळले, मग आपापल्या चहाकडे वळले. आकाश कोसळलं नाही. लीलाबाईंनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, “बाप्पा! हे असं लागते काय?” आठ दिवसांत गावातल्या आणखी दोन हॉटेलांत बायकांसाठी बाकं लागली. पण ते पुढचं झालं.

मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशी सिंधू पुण्याला निघाली. आईला घेऊन, सामान घेऊन परत यायचं होतं. बडनेऱ्याच्या फलाटावर कमलाकांत तिची ट्रंक घेऊन चालत होता. मुंबईची गाडी सिग्नलला दिसू लागली.

“काल कोर्टात मी एका खुनाच्या खटल्यात दोन तास बोललो,” तो अखेर म्हणाला. “अन् आता एक वाक्य होऊन नाही राहिलं.”

“कोणतं वाक्य?”

“मी पुण्याला येतो. तुमच्या आईंना भेटतो. रीतसर विचारतो—”

“आईला काय विचारायचं?”

“म्हणजे... लग्नाचं.”

“कुणाच्या?”

“सिंधू!”

पहिल्यांदाच त्यानं नुसतं नाव घेतलं होतं. दोघंही त्या नावापाशी थबकली.

“आईला नंतर विचारा,” ती म्हणाली. आता तिचाच आवाज तिला ऐकू येईना, इतका हळू झाला होता. “आधी मला विचारा.”

त्यानं ट्रंक खाली ठेवली. टोपी सरळ केली. “माझ्याशी लग्न कराल? नोकरी सोडायची नाही. अकोल्याचं बिऱ्हाड मी इकडं हलवतो; कोर्ट इथंही आहे. पण तुमची शाळा... ती एकच आहे.”

गाडी धडधडत फलाटात शिरली. वाफेचा ढग दोघांवरून गेला. हमाल ओरडत होते, खिडक्या धाडधाड उघडत होत्या, आणि त्या गोंधळात सिंधूनं त्याचा हात धरला. सगळ्या बडनेऱ्यादेखत, डिसेंबरच्या लख्ख उन्हात, घट्ट.

“हो,” ती म्हणाली.

“काय? ऐकू नाई आलं!”

“हो म्हटलं! हो!” ती एवढ्या मोठ्यानं ओरडली, की शेजारच्या डब्यातल्या एका म्हातारबुवांनी डोकं बाहेर काढून दोघांना तिथूनच आशीर्वाद देऊन टाकला.