गढीच्या चढावरचे मानकरी

गाडी मागे घसरायला लागली तेव्हा जयू पुढे, अहल्याआत्याच्या शेजारीच बसली होती. त्यामुळे तिनं सगळं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. आत्यानं वेगाची मूठ पुरती पिळली होती, तरी ई-रिक्षा गढीच्या चढावर अर्ध्यात येऊन एक उसासा टाकून थांबली, अन् ब्रेक दाबूनही भरल्या ओझ्यानं हळूहळू मागे निघाली. फुलवाल्याच्या हातगाडीनं तिला अडवलं. झेंडूचे हार रस्त्यावर सांडले, आणि मागे बसलेल्या नांदेडच्या आजीबाईंचं मनगट मुरगळलं.

उज्जैनचं जुनं गाव टेकाडांवर चढत-उतरत वसलेलं आहे, हे फ्रीगंजच्या सपाट रस्त्यांवर मोटारी मिरवणाऱ्यांना जन्मभर कळत नाही. यात्रेकरूंना कळतं, गुडघे बोलायला लागले की. म्हणून तिथल्या मराठी मंडळानं चार ई-रिक्षा घेतल्या. मंडळातल्या बायकांनी त्या चालवायच्या आणि देवास गेटपासून लोकांना जुनं गाव दाखवायचं. कल्पना सोन्यासारखी होती. मंडळाला कल्पना नेहमी चांगल्याच सुचतात, त्या कुणाच्या हाती द्यायच्या याची अक्कल तेवढी नसते. कारभार दिला भय्यासाहेब जामदारांकडे.

जामदारांचे पूर्वज म्हणे दरबारचा जामदारखाना सांभाळत. आता त्या जामदारखान्याची एक गंजकी किल्लीसुद्धा घरात उरलेली नव्हती, पण मिशीचा पीळ तेवढा पिढीजात टिकला होता. भय्यासाहेब दूध आणायला निघाले तरी फेटा बांधून निघत. नाव मोठं, लक्षण खोटं!

गाडी घसरल्याची बातमी कळताच ते आले, पण आजीबाईंच्या हाताकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. भर रस्त्यात आत्याला विचारलं, चढाच्या पायथ्याशी सवाऱ्या उतरवायच्या हा नियम ठाऊक नव्हता का? आत्या म्हणाली, आजींना गुडघ्यांमुळे चालवत नव्हतं. त्यावर भय्यासाहेबांनी जमलेल्या गर्दीकडे तोंड केलं.

"म्हणून मी म्हणत होतो, बायकांनी लाटणं फिरवावं, हँडल नव्हे. रविवारी मंडळाच्या सभेत ही गाडी काढून घेऊ. मग ती आमचा अभिजीत चालवेल."

गर्दीतली चार टाळकी हसली. आत्यानं आजीबाईंना दवाखान्यात नेलं, हार गोळा करून फुलवाल्याला दिले आणि घरी आली. चाळिशी उलटल्यावर ती गाडी शिकली होती. शिकताना सारं माधव नगर गच्चीवर उभं राहून दात काढत होतं, आणि ती चालवायला लागली तेव्हा कुठे ते दात आत गेले होते. आता ते पुन्हा बाहेर येणार होते. जेवताना आत्यानं पोळी मोडली आणि तशीच ताटात ठेवली. जयूला तेच सहन झालं नाही.

दिवाळीची सुट्टी होती. जयूच्या धाकट्या आत्याचा मुलगा अपूर्व इंदूरहून आलेला होता. तो अकरा वर्षांचा, आणि सदा तोंडात काहीतरी. शेजारचा विहंग जयूच्याच वर्गातला, चष्मेवाला. त्याला प्रत्येक गोष्टीत 'पण का?' विचारायची खोड होती आणि त्यापायी तो शाळेत रोज बोलणी खायचा. सकाळी पोहे-जलेबीच्या ठेल्यावर तिघं जमले.

"पण का?" विहंगनं सुरुवात केलीच. "ई-रिक्षा चढ चढायलाच घेतली ना? मग चढ आला की लोकांना का उतरवायचं? ये तो वही बात हुई, छत्री घ्यायची आणि पाऊस आला की मिटून ठेवायची."

जयूनं सांगितलं, तिथे पायउतार शिला आहे. महाराज स्वतः तिथे पालखीतून उतरून पायी गढी चढत, म्हणून सगळ्यांनी उतरायचं, अशी प्रथा. भय्यासाहेब प्रत्येक सवारीला हात जोडून ही कथा सांगत. लोक बिचारे भक्तिभावानं उतरत, धापा टाकत चढत, आणि रिकामी गाडी वर त्यांची वाट बघत उभी राही.

"आपण ती शिला बघितलीय का नीट?" अपूर्वनं जलेबीचा पाक चाटत विचारलं.

कुणीच बघितली नव्हती. मोठ्यांनी हात जोडले की लहानांनीही जोडायचे, निरखून बघायचं नाही, हेच तर शिकवलं जातं. तिघं तडक गढीच्या चढाशी गेले. शिला गुडघाभर उंचीची, गेरू फासलेली, वर एक वाळका हार. अपूर्वनं नखानं एक कोपरा खरवडला. गेरूखाली पिवळा रंग निघाला. आणखी खरवडलं, काळा निघाला. मग पुन्हा पिवळा.

महाराजांच्या काळातली ती शिला म्हणजे रस्त्याच्या दुभाजकाचा उपटून आणलेला दगड होता. जयू एवढी हसली की फुलवाल्यानं वळून पाहिलं. पण विहंग हसला नाही. माणूस उगाच एवढं खोटं रचत नाही, तो म्हणाला. चढावर ओझं नको म्हणून ही कथा रचली, म्हणजे गाडीतच काहीतरी खोट आहे.

गाड्या रात्री चार्जिंगला लागत त्या भय्यासाहेबांच्याच मंगल कार्यालयाच्या मागच्या अंगणात, फ्रीगंजमध्ये. आत्याची गाडी तर कालपासून तिथेच उभी होती, म्हणून दुपारी तिघं तिथे गेले. आत्याचा डबा गाडीत राहिलाय, असं जयूनं चौकीदाराला सांगितलं. चौकीदारानं एक डोळा उघडला, जाओ म्हटलं आणि पुन्हा मिटला. कार्यालयात कुणाचंतरी डोहाळजेवण होतं, त्याचा बासुंदीचा वास अंगणापर्यंत येत होता. अपूर्वला खेचूनच पुढे न्यावं लागलं.

जयूनं मागची सीट उचलली. खाली बॅटऱ्या होत्या, काळ्या, कडांना पांढरं फुलोरलेल्या. ती बघतच राहिली.

"या आपल्या नाहीत," ती म्हणाली. "खंडेनवमीला आत्यानं गाडीची पूजा केली ना, तेव्हा प्रत्येक बॅटरीवर हळदकुंकवाची बोटं मी ओढलीत. तेलात कालवून. ती अशी जात नाहीत."

"मग आपल्या कुठे गेल्या?"

त्याच वेळी वीज गेली. आजूबाजूची सगळी दुकानं अंधारली, जनरेटर धडधडायला लागले. आणि मंगल कार्यालय मात्र झुंबरासकट लखलखत राहिलं, आवाज नाही, धूर नाही. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. जिन्याखालच्या खोलीला एक जाळीची खिडकी होती. विहंगच्या खांद्यावर चढून जयूनं आत डोकावलं. भिंतीलगत बॅटऱ्या ओळीनं मांडल्या होत्या, नव्याकोऱ्या, तारांनी जोडलेल्या, आणि काहींच्या अंगावर पिवळी-लाल बोटं. एक बोट वाकडं गेलं होतं. ओढताना तिला शिंक आली होती, तेच ते.

म्हणजे मंडळाच्या गाड्यांच्या नव्या बॅटऱ्या भय्यासाहेबांची झुंबरं पेटवत होत्या, आणि गाड्यांच्या पोटात भंगार घातलं होतं. वर महाराजांच्या नावानं कथा. जयूनं विहंगच्या मोबाईलवर फोटो काढला.

आता मोठ्यांना सांगायचं, एवढंच उरलं होतं. पण मोठ्यांना सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मंडळाचे अध्यक्ष अरविंदराव पोतनीस बँकेतून निवृत्त झाले होते. त्यांनी चष्मा वर-खाली करून फोटो पाहिला आणि सांगितलं की बॅटऱ्या सगळ्या सारख्याच दिसतात, हळदकुंकू कोणीही लावतं, आणि मुलांनी सुट्टीत पाढे पाठ करावेत. जामदारांचं घराणं असं करणार नाही. अहो, दरबारी माणसं ती!

नशीब असं की तेवढ्यात भय्यासाहेब स्वतःच तिथे आले. रविवारची सभा गढीवरच्या मंडळाच्या सभागृहात होती. कार्यकारिणीला अहल्याबाईंच्या गाडीतून वर नेण्याची सेवा आपणच करू, असं त्यांनी तोंडभर सांगितलं. जयूनं मान खाली घालून, अगदी गरीब गाईसारखं विचारलं, काका, शिलेपाशी तुम्हीपण उतरता?

भय्यासाहेबांची मिशी फुलली. "नाही बाळ. आम्ही दरबारचे मानकरी. मानकऱ्यांना पायउतार व्हायची माफी होती. आमच्या सात पिढ्यांत कुणी त्या शिलेपाशी उतरलेलं नाही."

ती शिला बॅटऱ्या बदलल्यावर, म्हणजे दसऱ्यानंतर आलेली आणि यांच्या सात पिढ्या तिला ओळखतात! पण जयूचं लक्ष तिकडे नव्हतं. ती अरविंदरावांकडे बघत होती. त्यांच्या कपाळावर एक आठी पडली होती.

बाहेर आल्यावर तिनं दोघांना सांगितलं, काम झालं.

उज्जैनातल्या जुन्या मराठी घरांचं एक वेड आहे, ते कुणाला माहीत नाही असं नाही. प्रत्येकाचे पूर्वज दरबारात कुणीतरी होते. कुणाचे अत्तरखान्यात, कुणाचे हत्तीखान्यात, कुणाचे पिकदाणी धरायला. घरात खायला नसलं तरी चालेल, पण आपला मान शेजाऱ्याहून तसूभर कमी म्हटला की पंगतीतून उठतील. दोन दिवस तिघं कार्यकारिणीच्या घराघरांत गेले. सुट्टीत घराण्यांची माहिती जमवतोय, असं सांगत. चहा आला, चिवडा आला, अपूर्वची चैन झाली. उठता उठता जयू हळूच विचारायची, भय्यासाहेब म्हणतात जामदार तेवढे मानकरी, बाकीच्यांना पायउतार व्हावं लागायचं, खरं का हो? बस्स. मग समोरचा चहाचा कप बशीत असा आपटायचा की पुढचं काही बोलावं लागत नसे.

रविवारी देवास गेटपासून गाडी निघाली. अभिजीत चालवत होता. तो भय्यासाहेबांचा भाचा, एरवी बिचारा मामाच्या धाकात मान खाली घालून असायचा. मागे अरविंदराव, कार्यकारिणीचे तिघं आणि कडेला टेकून फेट्यासकट भय्यासाहेब. सगळे खाऊनपिऊन टणक. आत्या पायीच येत होती. मुलं आधीच चढावर जाऊन उभी होती. विहंगनं आणि अपूर्वनं विटा हाताशी ठेवल्या होत्या. कुणाचं हाड मोडायला नको, असं जयूनं बजावलं होतं. मोडायचं ते वेगळंच होतं.

शिलेपाशी गाडी थांबली. भय्यासाहेबांनी हात जोडून कथा सुरू केली. कुणी हललं नाही.

"उतरायचं ना?" त्यांनी विचारलं.

"आमचे पणजोबा अत्तरखान्याचे प्रमुख होते," अरविंदराव म्हणाले. "आम्ही उतरत नसतो."

हत्तीखानेवाल्यांनी मांडी आणखी घट्ट घातली. पिकदाणीवाले तर दांडा धरून बसले. आता ओझं कमी करायला भय्यासाहेबांनी स्वतः उतरावं, तर सात पिढ्या आड येत होत्या. मामानं भाच्याला चल म्हटलं. त्या आवाजात जीव नव्हता.

गाडी चढाला लागली. कण्हली, कुंथली, पाच-सात हात वर गेली आणि थांबली. मग मानकऱ्यांसकट मागे निघाली. अरविंदरावांची टोपी उडाली, हत्तीखाना अत्तरखान्याच्या मांडीवर पडला. मुलं धावली, चाकांमागे विटा सारल्या, आणि गाडी धक्का खाऊन उभी राहिली. फुलवाल्यानं आपली हातगाडी आधीच बाजूला ओढून घेतली होती. मोठ्यांपेक्षा त्याला लवकर कळत होतं.

भय्यासाहेबांचं तोंड सवयीनं उघडलं. ड्रायव्हर नालायक आहे, हातात दम नाही, ब्रेक कुठे कळत नाही. भर रस्त्यात आत्याला ऐकवलं, तसंच आता अभिजीतला. पण अभिजीत खाली उतरला आणि चावी मामाच्या हातात ठेवली.

"मामा, मेरे मत्थे मत मारो. गाडीत बॅटरीच नाहीये, भंगार आहे. चांगल्या सगळ्या तुम्ही माझ्याच हातानं कार्यालयात नेऊन ठेवल्यात."

जयू पुढे झाली, सीट उचलली आणि मघाशी मांडी घालून बसलेल्या मंडळींना आत बघायला सांगितलं. या वेळी चष्मा वर-खाली करावा लागला नाही. मग सगळे मानकरी पायी फ्रीगंजला गेले. जिन्याखालची खोली उघडली. अरविंदराव त्या वाकड्या बोटापाशी बराच वेळ उभे राहिले. भय्यासाहेब घाम पुसायला फेटा सोडत होते. तो सोडल्यावर ते फारच लहान दिसले. कारभार त्यांच्याकडून तिथल्या तिथे काढून घेतला गेला, आणि आत्याच्या गाडीची चावी जयूच्या खिशात गेली.

संध्याकाळी गढीवर सभा भरली. नव्या बॅटऱ्या गाड्यांत परत बसवून झाल्या होत्या. मुलांच्या चौकसपणाचं कौतुक झालं. आपणच पाढे पाठ करायला सांगितले होते, हे अरविंदराव सोयीनं विसरले आणि विहंगला 'शाब्बास पठ्ठ्या' म्हणाले. मग शाल आणि नारळ पुढे आला. अहल्याबाईंचा सत्कार.

आत्या जागची उठली, पण शाल घेतली नाही.

"शाल नको," ती म्हणाली. "रस्त्यात चारचौघांत मला गाडी येत नाही म्हटलं गेलं, तेव्हा तुमच्यापैकी कुणी मला एका शब्दानं विचारलं नाही. आता चारचौघांतच सांगा, येते की नाही."

अध्यक्षांनी खाकरून पाहिलं, चष्मा पुसला, शाल उगाच घडी घालून पुन्हा उलगडली. असली वाक्यं बोलायची त्यांच्या जिभेला सवय नव्हती.

"अहल्याबाई गाडी उत्तम चालवतात," शेवटी ते म्हणाले. "चूक आमची झाली."

"मागे ऐकू आलं नाही," आत्या म्हणाली.

त्यांनी पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. तेव्हा आत्यानं मान हलवली, आणि जयूकडे हात पुढे केला. जयूनं खिशातून चावी काढून तिच्या तळव्यावर ठेवली. नांदेडच्या आजीबाईंची रात्रीची गाडी होती, त्यांना स्टेशनवर सोडायचं होतं.