पितृपक्षातलं लग्न

भोसरीतल्या लोहोकरे प्रकाशनाच्या छपाई-प्रयोगशाळेत शालन उकिडवे आपल्याच कादंबरीचं शेवटचं प्रकरण वाचत होत्या. वाचता वाचता त्यांना शिसारी आली.

"अहो, पखालजीला कड्यावरून ढकललंत तुम्ही!" त्या ओरडल्या. "तो निर्दोष आहे!"

बारा वर्षं खपून लिहिलेली रहस्यकथा होती ती, पेशवाईतल्या एका डोंगरी किल्ल्यावरची. किल्लेदाराचा खून होतो आणि आळ येतो गडावर पाणी वाहणाऱ्या पखालजीवर. खरा खुनी असतो फडावरचा कारकून.

"आम्ही कोणी हात लावला नाही," प्रकाशक जगदीश लोहोकरे म्हणाले. "तथ्यशोधकाने केलंय. आता सगळी पुस्तकं त्याच्यातूनच जातात. शुद्धतेचा शिक्का नसेल तर एकही ग्रंथालय पुस्तक घेत नाही, ताई."

तथ्यशोधक म्हणजे कोपऱ्यातलं ते घरघरणारं कपाट. त्याची जनक डॉ. रेवती मोहोड शेजारीच उभी होती. ही बाई निदान सरळ बोलायची.

"यंत्र प्रत्येक विधान पंचांग, हवामान, चालीरीती, सगळ्याशी ताडून बघतं," ती म्हणाली. "चुकीचं असेल ते दुरुस्त करतं. मग त्या दुरुस्तीशी न जुळणारं पुढचं सगळं नव्याने लिहितं. तुमचा खून भाद्रपद वद्य नवमीचा. चौकशी फाल्गुनात, ऐन लग्नसराईत. कारकून म्हणतो, त्या दिवशी मी मेहुणीच्या लग्नाला गेलो होतो."

"बरोबर! पितृपक्षात लग्न असतं का कुठे? तिथेच तर तो सापडतो!"

"यंत्राला ती चूक वाटली. त्याने लग्नाच्या जागी श्राद्ध घातलं."

शालनताईंनी पान उलटलं. कारकून आता सासऱ्याच्या श्राद्धाला गेला होता, वडे-खीर जेवला होता, भटजींची साक्षही होती. त्यांच्या हुशार न्यायाधीशाने नुसती मान डोलावली होती. मग उरला कोण? बिचारा पखालजी.

"अगं, ती माझी चूक नाही, त्याची थाप आहे! लेखक चुकतो ते वेगळं आणि पात्र खोटं बोलतं ते वेगळं."

"यंत्राला तो फरक कळत नाही," रेवती म्हणाली. "मी यांना सांगितलं होतं. रहस्यकथा यात घालू नका, त्यात कोणीतरी खोटं बोलणारच."

"हे सांगितलं होतं तुम्हाला?" शालनताईंनी लोहोकऱ्यांकडे पाहिलं.

"ताई, एवढं काय मनाला लावून घेता? वाचकाला काय, शेवटी कोणीतरी मेला म्हणजे झालं."

हा माणूस शालनताईंची पुस्तकं विकून गब्बर झाला होता! त्यांनी टेबलावरचं मूळ हस्तलिखित उचलून पिशवीत कोंबलं. "पखालजीला मी घरी नेते. हे असलं माझ्या नावावर छापायचं नाही."

"करारावर सही आहे तुमची," लोहोकरे गोड हसले. "आणि तुमच्या नावावरच तर खपतं सगळं. हे बघा, मुखपृष्ठ येतंच आहे."

कपाटातून मुखपृष्ठ सरकत बाहेर आलं आणि लोहोकऱ्यांचं हसू मावळलं. वर ठसठशीत अक्षरांत छापलं होतं : लेखक – तथ्यशोधक यंत्र.

"हे काय? शालन उकिडवे कुठे गेल्या?"

"निम्म्याहून जास्त मजकूर यंत्राने लिहिलाय," रेवती म्हणाली. "त्यावर ताईंचं नाव म्हणजे चुकीचं विधान. केलं दुरुस्त."

"अहो, पण यंत्राचं पुस्तक कोण कुत्रा घेणार? ताईंचं नाव परत घाला!"

"मग मजकूरही ताईंचा घालावा लागेल. आणि तो घातला की यंत्र पुन्हा लग्नाचं श्राद्ध करणार."

लोहोकऱ्यांनी घाम पुसला. मग एकदम चुटकी वाजवून म्हणाले, "ताई, तुम्ही नाव बदलून घ्या ना! गॅझेटमध्ये एक जाहिरात द्यायची. शालन तथ्यशोधक! आडनावासारखं आडनाव. खाली कंसात 'पूर्वाश्रमीच्या उकिडवे' टाकू. अहो, लग्नानंतर बायका बदलतातच की."

"लग्नासाठी बदललं नाही मी नाव," शालनताई म्हणाल्या, "आणि या कपाटासाठी बदलू? शी! तुमच्या तोंडाकडे बघवत नाही मला, लोहोकरे."

त्या दाराकडे वळल्या तोच कपाटातून आणखी एक पान बाहेर पडलं. प्रकाशकाचं मनोगत. लोहोकऱ्यांनी नेहमीप्रमाणे लिहिलं होतं, 'हे हस्तलिखित मी एका बैठकीत वाचून काढलं आणि भारावून गेलो.' शालनताईंनी पान उचललं, चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं :

"'हे हस्तलिखित मी उघडूनही पाहिलेलं नाही. लेखिकेचं आजवरचं एकही पुस्तक मी वाचलेलं नाही.'"

लोहोकऱ्यांनी पान हिसकावून घेतलं. त्यांचा चेहरा पडला होता.

"मोहोडबाई, हे... हे आधी काढा!"

"काढते की," रेवती म्हणाली. "खोटं आहे का?"